साठ किलोमीटर

आमच्या गाडीत निघण्याची एक पद्धत आहे. एकाने स्टिअरिंगवर बसायचं आणि दुसऱ्याने गाडीभोवती एक फेरी मारायची. छताच्या खिडक्या बंद आहेत का, विजेची वायर खांबावरून काढली का, गॅसचा कॉक फिरवला का, सांडपाण्याच्या टाकीचं झाकण लावलं का, पायरी आत गेली का. सगळं ठीक असेल तर मागच्या पत्र्यावर हाताने दोन थापा मारायच्या आणि आत चढायचं. दोन थापा ऐकल्या की गाडी सुरू. मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन हिंडणाऱ्या प्रत्येक जोडप्याची अशी काहीतरी पद्धत असते, आणि ज्यांची नसते ते कधी ना कधी वायर ओढत गावच्या चौकापर्यंत जातात आणि सगळ्या गावाची फुकट करमणूक करतात.

वीस वर्षं आर्मेल चालवायचा आणि मी फेरी मारायचे. आर्मेल माझा नवरा. फ्रान्समध्ये, आमच्या काँपेर शहरात, त्याने एकतीस वर्षं सिटी बस चालवली. मी शाळेच्या स्वयंपाकघरात होते, रोज तीनशे पोरांचं जेवण. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्याला चालवायला बंदी केली, कारण ज्या रस्त्यावरून त्याने हजारदा बस नेली त्याच रस्त्यावर तो गाडी उभी करून मला विचारायला लागला होता की आता कुठे जायचं. तेव्हापासून मी चालवते आणि तो फेरी मारतो. खरं सांगायचं तर त्याच्या आधी मी गुपचूप एक फेरी मारून ठेवते, शाळेत पोरांनी टेबल पुसलं की मागाहून मी परत पुसायचे तशी. पण थापा त्याच्याच. त्या अजून पहिल्यासारख्याच कडक होत्या.

दर वर्षी आम्ही सप्टेंबरच्या अखेरीला ब्रिटनीतून, म्हणजे आमच्या भागातून, निघतो, खाली स्पेनमध्ये उतरतो आणि ऑक्टोबर संपता संपता परत फिरतो. या वर्षी आमच्या मुलीने, गाएलने, मला जाऊ नकोस म्हटलं नाही. ती दर वर्षी म्हणते. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

आम्ही स्पेनमध्ये गायोकांताच्या तळ्याकाठी होतो तेव्हा तिचा फोन आला. उत्तरेकडून करकोच्यांचे थवे नुकतेच उतरायला लागले होते, आणि त्यांच्या कलकलाटात मला अर्धं ऐकू येत नव्हतं. तिच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात, विसरणाऱ्या माणसांसाठी जो वेगळा मजला आहे तिथे, एक खोली रिकामी झाली होती. खोली कशी रिकामी होते ते कोणी विचारत नाही. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत ते ती आमच्यासाठी धरून ठेवणार होते. हो म्हटलं तर सोमवारी आर्मेलला न्यायचं. नाही म्हटलं तर खोली यादीतल्या पुढच्या माणसाची, आणि आम्ही परत यादीच्या तळाला.

“आई, हो की नाही एवढंच सांग,” गाएल म्हणाली.

“विचार करते.”

“करून करून किती करशील? मागच्या महिन्यात तू फोनवर बोलताना मध्येच झोपलीस.”

“फोनवर तू बोलत होतीस. मी ऐकत होते.”

“घोरत होतीस.”

विचार करते म्हटलं खरं, पण मी काहीच विचार करत नव्हते. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की गाल असतो ना, आपलाच पण आपला नाही, तसं माझं सगळंच झालं होतं. मार्चपासून. मार्चमध्ये काय झालं म्हणाल तर विशेष काही नाही. एका सकाळी आर्मेलने मला कॉफी दिल्याबद्दल “आभारी आहे, मॅडम” म्हटलं. मी स्वयंपाकघरात गेले, कप धुतला, आणि त्यानंतर मला कशाचंच काही वाटेनासं झालं. रडू नाही, राग नाही. राग गेल्याचं मात्र मला आश्चर्य वाटलं, कारण रागावर मी तीस वर्षं स्वयंपाकघर चालवलं होतं.

लोक सल्ले देतात. स्वतःला वेळ दे, योग कर, रोजनिशी लिही. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण माझं जळत असून मलाच कळत नव्हतं.

परतीचा रस्ता आम्ही नेहमीचाच घेतला. वाटेत एका गावात केशर खुडायचं चाललं होतं. एका शेडमध्ये लांब टेबलाशी दहा-बारा बायका बसून जांभळ्या फुलांतले लाल तुरे काढत होत्या. आर्मेल त्यांच्यात जाऊन बसला आणि तासभर मान खाली घालून फुलं खुडत राहिला. त्याच्या शेजारची म्हातारी मला म्हणाली, “तुझा नवरा कामाला चांगला आहे गं. आमच्याकडे ठेवून जा.” सगळ्या हसल्या. मीही हसले. गाडीत परत आल्यावर त्याने हात पुढे करून पिवळी झालेली बोटं दाखवली आणि विचारलं, “हे काय झालं?” मी म्हटलं, “केशर.” पाच मिनिटांनी त्याने परत विचारलं. मी परत म्हटलं, “केशर.” जेवणाच्या वेळेपर्यंत मी ते नऊ वेळा म्हटलं, आणि नवव्या वेळी माझा आवाज अगदी पहिल्यासारखाच होता. याला लोक सहनशक्ती म्हणतात.

गुरुवारी दुपारी आम्ही डोंगराच्या पायथ्याशी, सोंपोर्टच्या बोगद्याच्या अलीकडे, एका गावात थांबलो. गावाबाहेर मोटरहोमसाठी जागा आहे, पाणी भरायला आणि टाक्या रिकाम्या करायला. सहा-सात गाड्या होत्या. आम्ही डाळीचं सूप आणि ओमलेट खाल्लं. एक वाजता गाएलचा फोन आला, मी “उद्या सांगते” म्हटलं. मग मी भांडी धुतली, गुपचूप माझी फेरी मारली, आणि आर्मेलला म्हटलं, “फेरी मार आणि मागे जाऊन पड.”

जेवल्यावर तो मागच्या पलंगावर झोपतो. चालत्या गाडीत पट्टा न लावता माणसाला झोपवणं कायद्याने गुन्हा आहे. मला माहीत आहे, मला कोणी सांगायला नको. तो पुढे बसला की दर दहा मिनिटांनी दार उघडू बघतो. बाजूच्या दाराला निदान लहान मुलांसाठीचं कुलूप आहे.

मी स्टिअरिंगवर बसले. थापा आल्या, दोन, कडक. मी निघाले.

घाटात रस्ता वळणाचा आहे आणि दोन्ही बाजूंना झाडं तांबडी-पिवळी झाली होती. समोरून येणाऱ्या मोटरहोमवाल्यांनी हात हलवले, मी हलवले. आमच्या लोकांत ही रीतच आहे. एकमेकांचं तोंड पुन्हा दिसणार नसलं तरी हात हलवायचा. मग बोगदा लागला, साडेआठ किलोमीटर, नुसते दिवे. बोगद्यातून बाहेर फ्रान्स आणि बारीक पाऊस. उतारावर मी एकदा मोठ्याने म्हटलंसुद्धा, “पाऊस आहे इकडे.” मागून उत्तर आलं नाही. उत्तर येत नाही याची मला सवय होती.

खाली बेदूस गावात पोचले तेव्हा पावणेतीन वाजले होते आणि बेकरी तीनला उघडणार होती. मी पंधरा मिनिटं सीटवर बसून राहिले. मागे वळून पाहिलं नाही. बेकरी उघडल्यावर दोन पाव घेतले, पैसे दिले, बेकरीवालीशी पावसाबद्दल दोन शब्द बोलले. मग बाजूचं दार उघडून आत आले आणि पाव डब्यात ठेवला, तेव्हा पलंग दिसला. पलंगावर चादर जशी सकाळी घातली होती तशीच होती, ताणलेली, एक सुरकुती नाही.

मी संडासाचं दार उघडून पाहिलं. मग कपड्यांचं कपाटही उघडलं, जणू सहा फुटांचा माणूस त्यात मावणार होता.

आता मी जे सांगणार आहे ते मी गाएललाही सांगितलेलं नाही. माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की पाव एकच पुरला असता.

घाबरणं वगैरे नंतरही आलं नाही. मी पोलिसांना फोन केला नाही, कारण मग बोलावं लागलं असतं. किती वेळापूर्वी, मॅडम? किती किलोमीटर, मॅडम? आणि तुमच्या लक्षात कसं आलं नाही, मॅडम? त्याचा मोबाईल आमच्या ड्रॉवरमध्येच होता, तो कुठे ठेवतो ते त्याला आठवत नाही म्हणून मीच तिथे ठेवलेला. मी गाडी वळवली. साठ किलोमीटर आले होते, साठ परत जायचे. नदी, रस्ता, ट्रक, नऊ अंश थंडी, या सगळ्या गोष्टी मला माहीत होत्या, पाढ्यासारख्या. त्याने अंगात पातळ स्वेटर घातला होता हेही माहीत होतं. बोगद्यात वेगाची मर्यादा आहे ती मी पाळली. अजून विचार केला की अंगावर काटा येतो, की मी ती पाळली.

चार वाजायच्या सुमारास मी परत त्या जागी पोचले. आर्मेल तिथेच होता. हात वर करून तो एका जर्मन मोटरहोमला मागे घेत होता, “या, या, या, डावीकडे, अजून, बस!” जर्मन नवरा-बायको दोघंही काचेतून हसत होते. त्याच्या अंगावर कोणाचंतरी जाड, बायकी जाकीट होतं, जांभळं.

गाडी थांबते न थांबते तोच तो माझ्या गाडीकडे आला. सरळ माझ्याकडे नाही, आधी गाडीभोवती एक फेरी मारली. मग माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, “मॅडम, तुमची पायरी बाहेर राहिली आहे. अशी चालवलीत तर कोणाच्या तरी पायाला लागेल.”

खरंच बाहेर होती. बेदूसपासून तशीच.

“आर्मेल,” मी म्हटलं, “मी आहे.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. “हां,” तो म्हणाला. “मग आत घे ना पायरी.”

जाकीट ज्यांचं होतं त्या बाई तोवर आल्या. बेल्जियमच्या, लिएजच्या, ओर्तांस नाव, काखेत एक लांबुडकं कुत्रं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानेच थांबवलं.

“अहो, होतं हो! माझ्या नवऱ्याने मला बोर्दोच्या अलीकडे पेट्रोल पंपावर सोडलं होतं. मी चप्पल घालून उभी. पाच किलोमीटर गेला आणि मग कुत्रं भुंकलं म्हणून लक्षात आलं. त्याच्या नाही हं, कुत्र्याच्या लक्षात आलं!”

आमच्या लोकांत ही गोष्ट प्रत्येकाकडे असते. मागे राहिलेली बायको, मागे राहिलेलं कुत्रं, सासू सुद्धा. संध्याकाळी घडीच्या टेबलावर वाइन आणि ऑलिव्ह ठेवले की कोणीतरी सांगतंच आणि सगळे हसतात. त्यांचे पाच किलोमीटर असतात, फार तर दहा.

“तुम्ही कुठवर गेला होतात?” ओर्तांसबाईंनी विचारलं.

“जवळच,” मी म्हटलं.

त्यांनी जाकीट परत घेतलं, आणि आर्मेल जर्मन माणसाच्या चाकाखाली लाकूड सरकवायला गेलेला पाहून आवाज उतरवला. “मी पोलिसांना फोन करणारच होते. पण हे इतके निवांत होते ना. मी विचारलं, मिस्यू, तुमचं माणूस कुठे आहे? तर म्हणाले, बायको पुढे निघून गेली. मी म्हटलं, विसरली का तुम्हाला? तर नाही म्हणाले. म्हणाले, मीच थापा मारल्या. म्हणाले, फार दमली आहे ती, जाऊ दे तिला.”

कुत्रं माझ्या हाताला नाक लावत होतं. मी त्याला कुरवाळलं. मी म्हटलं, “सूप दिलंत का आर्मेलला? ओठाला लागलंय त्याच्या.” त्या म्हणाल्या, “दिलं थोडं.” मी आभार मानले.

आर्मेलला मी या वेळी पुढे बसवलं, पट्टा लावला, दार बाहेरून बंद झाल्याची खात्री केली. घाटात तो झाडं बघत होता. तिसऱ्यांदा तोच बोगदा आला तेव्हा मी विचारलं, “आर्मेल, तू गाडीत चढला का नाहीस?”

“कधी?”

“दुपारी. थापा मारल्यास आणि चढला नाहीस.”

बोगद्यातले दिवे त्याच्या चेहऱ्यावरून एकेक करून जात होते. “फेरी मारली मी,” तो म्हणाला. “सगळं बंद होतं.”

“हो, पण चढला का नाहीस?”

“निघालीस ना तू नीट?”

“निघाले.”

“मग झालं तर.”

मुद्दाम केलं की विसरला, हे मला कळलं नाही आणि आता त्यालाही सांगता येणार नाही. एकदा वाटतं विसरला. एकदा वाटतं, बावीस वर्षं जोडीने फिरलेला माणूस थाप कशासाठी मारतो ते विसरत नाही.

खाली खोऱ्यात एका गावात खेळाच्या मैदानाशेजारी गाडी लावली. उजेड होता अजून. पाऊस थांबला होता आणि मैदानावर ओल्या पानांचा थर साचला होता. आर्मेल टेबलाशी बसून बेदूसचा पाव खात होता. मी पुढच्या सीटवर गेले आणि गाएलला फोन लावला.

“हो,” मी म्हटलं.

“काय हो?”

“खोलीला हो. सांग त्यांना.”

मला वाटलं तिला हायसं वाटेल. “काय झालं आई? दुपारी तर तू उद्या म्हणत होतीस.”

“काही झालं नाही.”

“बाबांनी काही केलं का?”

“त्याने काहीही केलेलं नाही,” मी म्हटलं. या एका वाक्याला माझा आवाज चढला.

खरं कारण मला नीट माहीत होतं. मी थकले म्हणून हो म्हटलं नाही. थकवा मला नवा नाही. साठ किलोमीटर आणि वर पंधरा मिनिटं माझा नवरा माझ्या पाठीमागे नव्हता आणि मला ते कळलं नाही, आणि कळल्यावर मी पाव मोजले. अशा बाईच्या हाती माणूस ठेवू नये. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मीच पहिली म्हटलं असतं.

“रडतेयस का?” गाएलने विचारलं.

“नाही,” मी म्हटलं, आणि नव्हतेच.

फोन ठेवून मागे आले. आर्मेलने पावाचा चुरा एका ठिकाणी गोळा करून त्याचा छोटा ढीग केला होता.

“कोण होतं?”

“गाएल.”

“काय म्हणते?”

खोटं बोलायचं मी ठरवलं होतं. गाएलने सांगितलं होतं, वृद्धाश्रमवाल्यांनीही सांगितलं होतं, आधीपासून काही बोलू नका, त्यांना उगीच त्रास. पण तोंडातून निघून गेलं. “तुझ्यासाठी एक खोली मिळाली आहे म्हणते. तिच्या घराजवळ. सोमवारपासून.”

“खिडकी आहे?”

“आहे. बागेकडे.”

त्याने मान हलवली. चुऱ्यातला एक कण बोटाने उचलून तोंडात टाकला. मग म्हणाला, “आणि तू कुठे झोपणार?”

“ती खोली एकाच माणसाची आहे, आर्मेल.”

“ते समजलं. तू कुठे झोपणार?”

“घरी. नाहीतर गाडीत. मी येईन रोज तुला भेटायला.”

त्याने चुऱ्याचा ढीग बोटाने परत सारखा केला. मला वाटलं विसरला. मग तो उठला, पुढे ड्रायव्हरच्या सीटपाशी गेला आणि सीटखालून पट्टा काढला. हा पट्टा दोन्ही पुढच्या दरवाजांच्या हँडलांतून ओवून मध्ये ताणून बांधायचा, म्हणजे बाहेरून कुलूप फोडलं तरी दार उघडत नाही. झोपायच्या आधी हे काम तो करायचा. बावीस वर्षं, रोज. मी पडदे ओढायचे. लायसन गेलं, नावं गेली, मार्चमध्ये मीही गेले, पण हा पट्टा त्याने एकही रात्र चुकवला नव्हता आणि मी तो कधी हातात घेतला नव्हता.

अजून संध्याकाळचे साडेसहाच वाजले होते.

“ये इकडे,” तो म्हणाला. “बघ. आधी डाव्या हँडलमधून. मग असा मागून. मग इथून.” त्याची पिवळी बोटं भराभर चालत होती. बांधून झाला तसा त्याने तो सोडला आणि माझ्या हातात दिला. “आता तू.”

मी ओवला. बकल उलटं लागलं.

“असं नाही. एकटी बाई तू, कोणी एका झटक्यात उघडेल. परत कर.”

मी परत केला. त्याने ओढून पाहिला. “ढिला आहे.”

मी आणखी ताणला आणि तेव्हा मला रडू आलं. मार्चपासून पहिल्यांदा, तेही साधं नाही, हुंदके देऊन, नाक-डोळे वाहायला लागले आणि मला समोरचं बकल दिसेना. गाल बधीर असतो तेव्हा बरं असतं. औषध उतरल्यावर जे दुखतं ते मी सांगत बसत नाही, सगळ्यांना माहीत आहे.

आर्मेल थांबला नाही आणि घाबरलाही नाही. बसवर असताना तो नव्यांना शिकवायचाही, आणि शिकाऊ ड्रायव्हर रडायला लागला तर तो वाट बघायचा, म्हणे, एकदाच, आणि मग पुढचा स्टॉप सांगायचा. त्याने तेवढीच वाट पाहिली. मग त्याने पट्टा सोडला, माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “अजून एकदा.”